सैनिकांची पदके : अडगळ नव्हे, इतिहास

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) अनेक जवान आघाडीवर गेले. त्यांची पदके, टोपीवरील बिल्ले, गणवेशाची बटणे अशा वस्तू पुष्कळदा घरातील जुन्या पेटीत दुर्लक्षित राहतात.

या युद्धातील सेवेबद्दल देण्यात आलेले ब्रिटिश वॉर मेडल बहुतांशी चांदीचे असे. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्ज यांची मुद्रा, तर दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आढळतो. परंतु त्याचे खरे मोल कडेवर आहे. तेथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठसविलेली असते. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले, तेव्हा अशी असंख्य पदके मुशीत गेली आणि त्यांवरील नावेही पुसली गेली.

जाणकार संग्राहक कडा घासलेले पदक कमी मोलाचे मानतात. म्हणून पदक घासूनपुसून चकचकीत करू नये, मूळ फीत काढू नये आणि एकाच सैनिकाची पदके विलग करू नयेत. गणवेश स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावा.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदकांनी आता ही मर्यादा गाठली आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी कडेवरील मजकूर उतरवून घ्यावा आणि ग्रामपंचायतीने त्याची नोंदवही ठेवावी. पदक त्या कुटुंबाकडेच राहील. नाव मात्र साऱ्या गावाचे होईल.