जवळचे दप्तर आणि दूरचे दप्तर

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या परिसरातील निबिड अरण्यात वसलेले उळवी हे क्षेत्र महात्मा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा ह्यांच्या समाधीमुळे लिंगायत समाजाला परमपवित्र झाले आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याण नगरीत उत्पात होऊन बसवेश्वरांच्या अनुयायांवर, म्हणजे शरणांवर, परागंदा होण्याची वेळ आली, तेव्हा चन्नबसवण्णा, त्यांच्या मातोश्री अक्कनागम्मा आणि त्यांच्यासमवेतचा शरणसमुदाय वचनांच्या पोथ्या जिवापाड सांभाळीत ह्याच अरण्याच्या आश्रयाला आला, असे परंपरा सांगते. माघातल्या यात्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या अद्यापही येतात, आणि त्यांच्या जोडीने आता असे यात्रेकरूही येतात की ज्यांच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप असतो आणि ज्यांचे सर्व कागदपत्र, छायाचित्रे व हिशेब कोणत्या तरी कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे दूरदेशीच्या संगणकांवर साठवलेले असतात. घाट चढून अरण्यात शिरल्यावर मोबाइलची रेंज तुटक होते, कोठे कोठे अजिबात नाहीशी होते. आणि मग आपल्या संगणकावर नावानिशी दिसणारी फाइल उघडत का नाही, ह्या प्रश्नापाशी मनुष्य थबकतो. ह्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या बिघाडात क्वचितच असते. बहुधा ते आपण कधी न घेतलेल्या एका निर्णयात असते.

ही व्यवस्था मुळात कशी चालते ते समजून घेतले, तर त्या निर्णयाचे स्वरूप स्पष्ट होईल. ड्रॉपबॉक्स ही सेवा २००८ साली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिचा नियम अगदी सरळ होता: संगणकावर एक फोल्डर असावे, त्यात जे जे ठेवाल ते ते क्लाउडवर जावे, आणि आपल्या नावाने जोडलेल्या प्रत्येक संगणकावर त्याची हुबेहूब प्रत उतरावी. ह्यालाच सिंक होणे म्हणतात. साठा लहान होता तोवर हा नियम सुखाचा होता. पण साठा वाढला, एकाच घरात किंवा कचेरीत दोन-तीन संगणक आले, त्यांतल्या एखाद्याची डिस्क अपुरी पडू लागली, आणि सर्वत्र सर्व काही ठेवण्याचा आग्रह निरर्थक ठरला. म्हणून २०१० च्या डिसेंबरात ड्रॉपबॉक्सच्या १.० ह्या आवृत्तीत सिलेक्टिव्ह सिंकची सोय आली. तिच्यामुळे कोणती फोल्डरे ह्या विशिष्ट संगणकावर उतरावी आणि कोणती केवळ क्लाउडवर राहावी, हे टिक करून ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आला. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये सेटिंग्जमधल्या ‘चूझ फोल्डर्स’ ह्या कलमाखाली हाच अधिकार मिळतो.

आपल्याकडच्या जुन्या राज्यकारभारात ही रीत अपरिचित नव्हती. कुलकर्ण्याचे दप्तर गावात असे, देशपांड्याचे परगण्यात आणि हुजूर दप्तर पुण्यात. पुण्यातला प्रत्येक कागद गावात असावा अशी अपेक्षा कोणी केली नाही, आणि गावच्या शेताच्या बांधाचा तंटा पुण्याहून नक्कल येईपर्यंत अडून राहावा असेही कोणास वाटले नाही. ज्याचे काम जेथे पडते, त्याचा कागद तेथे हाताशी, एवढेच त्या रचनेचे सूत्र होते.

परंतु सिलेक्टिव्ह सिंकनंतर एक दुसरी सोय आली, आणि वापरणाऱ्यांचा खरा घोटाळा तेथून सुरू झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर वनड्राइव्हमध्ये फाइल्स ऑन-डिमांड ही योजना आली. हिच्यात क्लाउडवरील प्रत्येक फाइलचे नाव संगणकावर दिसते, तिचा आकार दिसतो, तारीख दिसते. मात्र आतला मजकूर तेथे असतोच असे नाही. आपण त्या नावावर क्लिक केले की मजकूर इंटरनेटवरून तत्क्षणी उतरवला जातो. गूगल ड्राइव्हमध्ये ‘स्ट्रीम’ असा पर्याय निवडल्यास हाच प्रकार घडतो, आणि ‘मिरर’ निवडल्यास ‘माय ड्राइव्ह’मधील सर्वच फाइली डिस्कवर उतरतात. सिलेक्टिव्ह सिंकमध्ये जे फोल्डर वगळले ते निदान डोळ्यांसमोरून जाते, आणि ते येथे नाही हे मनुष्यास कळते. ऑन-डिमांडमध्ये नाव राहते आणि वस्तू नसते. शहरात, अखंड इंटरनेटच्या सान्निध्यात, हा भेद जाणवतही नाही. उळवीच्या वाटेवर मात्र तो एकदम उघडा पडतो.

भेद ओळखण्याची खूण अवघड नाही. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या नावाशेजारी निळ्या ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल केवळ क्लाउडवर आहे. हिरव्या वर्तुळाच्या रेषेत टिक असेल तर ती सध्या डिस्कवर आहे, परंतु जागेची टंचाई पडल्यास यंत्र ती परत पाठवू शकते. आणि भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक असेल तर ती कायम येथेच राहावी असा हुकूम आपण दिलेला आहे. हा हुकूम देण्यासाठी फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हे कलम निवडावे लागते. उलट, जागा मोकळी करण्यासाठी त्याच यादीत ‘फ्री अप स्पेस’ असते. संशय राहिल्यास फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दोन आकडे पाहावेत: एक तिचा आकार आणि दुसरा ‘साइझ ऑन डिस्क’. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्य असेल, तर आपल्याजवळ फक्त नाव आहे.

गूगलच्या डॉक्स आणि शीट्स ह्यांविषयी तर विशेष सावध राहावे, कारण ‘मिरर’ निवडूनही त्यांचा मजकूर डिस्कवर उतरत नाही; तेथे जी लहानशी फाइल दिसते तिच्यात मूळ दस्तऐवज कोठे आहे ह्याचा केवळ पत्ता असतो. ते ऑफलाइन वाचावयाचे असतील तर ब्राउझरमध्ये ऑफलाइनची सोय आधी चालू करावी लागते, किंवा महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ प्रत काढून ठेवावी लागते. पीडीएफचा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता कोणते फोल्डर जवळ ठेवावे, हा मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर फाइलीच्या आकारावरून देण्याची सवय पुष्कळांना आहे, आणि ती सवय सोडावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. जोयड्याचाच दाखला घेऊ. हा प्रदेश, जुन्या नावाने सुपे तालुका, १८६२ पासून मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. नंतर काळी नदीवरील सुपे धरणाच्या जलाशयात मूळ सुपे गाव बुडाले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासी म्हणून हक्क सांगावयाचा, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, कुटुंबाचा वास त्या वनप्रदेशात होता हे दाखवावे लागते. ह्याचा अर्थ असा की कुटुंबाचा पुरावा १९३० च्या आसपासपर्यंत, म्हणजे मुंबई इलाख्याच्या अमदानीपर्यंत मागे पोहोचावा लागतो. असा एखादा जुना उतारा, एखादी शाळेच्या रजिस्टरातली नोंद, एखादी सारा भरल्याची पावती, आजोबांच्या नावचा एखादा जीर्ण दाखला: अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी दीर्घकाळ करीत आलेल्या येथील कुणबी समाजातल्या घरांत असा कागद असला तर त्याचे मोल काय, हे वेगळे सांगणे नको.

अशा शंभर पानांच्या स्कॅन केलेल्या प्रती साधारण १०० एमबीत मावतात. सेकंदाला २ मेगाबिट एवढीच गती मिळत असली, तरी त्या सात मिनिटांत उतरतील. ह्याउलट यात्रेच्या रथोत्सवाचे फोर-के चित्रण एका मिनिटाला १७० ते ३५० एमबी जागा खाते, आणि अशा चित्रणांचा ४० जीबीचा संग्रह त्याच गतीने उतरवावयाचा झाल्यास सुमारे ४४ तास लागतील. २५६ जीबीच्या डिस्कचा सुमारे सहावा भाग तो एकटाच अडवील, आणि संगणक त्या कामात गुंतलेला असताना हक्काच्या कागदांची सात मिनिटांची पाळी रांगेत मागे पडेल. म्हणून रथोत्सवाचे फोल्डर क्लाउडवर राहू द्यावे आणि कागदांचे फोल्डर कायम डिस्कवर ठेवावे. निकष हा की इंटरनेट नसताना ज्याच्यावाचून अडेल ते जवळ, आणि इंटरनेट असताना सवडीने पाहता येईल ते दूर. आकाराचा विचार त्यानंतर करावा, आधी नव्हे.

धारवाडला किंवा बेळगावला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुट्टीत गावी येण्यापूर्वी चालू सत्राचे फोल्डर जवळ घ्यावे आणि मागील वर्षांची फोल्डरे वगळावीत. यात्रेचा जमाखर्च सांभाळणाऱ्याने चालू सालाचे हिशेब जवळ ठेवावेत. हे सारे इंटरनेट चांगले असताना, निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत झाले पाहिजे, कारण टिक करणे हा नुसता हुकूम आहे आणि त्याच्या अंमलबजावणीला वेळ लागतो.

येथे एक अत्यंत गंभीर भेद सांगितलाच पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानाने घरोघरची छायाचित्रे नाहीशी झाली आहेत. फोल्डरची टिक काढणे निराळे आणि फोल्डर डिलीट करणे निराळे. टिक काढली म्हणजे ह्या संगणकावरची प्रत जाते, क्लाउडवरची मूळ प्रत राहते आणि इतर संगणकांना धक्काही लागत नाही. परंतु डिस्क भरली म्हणून तेच फोल्डर घाईने उचलून रीसायकल बिनमध्ये टाकले, तर सिंकची व्यवस्था आपली आज्ञा इमानाने सर्वत्र पोहोचवते: क्लाउडवरून ते जाते, भावाच्या संगणकावरून जाते, सामाईक फोल्डरातले असेल तर इतरांचेही जाऊ शकते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात अशा फाइली ३० दिवस परत मिळू शकतात. त्यानंतर आशा सोडावी. म्हणूनच सिंक म्हणजे बॅकअप अशी जी समजूत रूढ आहे, ती मला घातक वाटते. बॅकअप ही चूक होण्यापूर्वीची स्वतंत्र प्रत असते. सिंक तर झालेली चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे नेते. हक्काच्या कागदांची एक प्रत निराळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घरात ठेवावी, आणि मूळ कागद तर कदापि टाकू नयेत.

ड्रॉपबॉक्समध्ये आणखी एक बारकी अडचण येते. ‘जमीन’ नावाचे फोल्डर आपण ह्या संगणकावरून वगळले, आणि काही महिन्यांनी ते विसरून त्याच जागी ‘जमीन’ ह्याच नावाचे नवे फोल्डर केले, तर यंत्र दोन्ही एकत्र करीत नाही. नव्याच्या नावापुढे ‘सिलेक्टिव्ह सिंक कॉन्फ्लिक्ट’ अशी पुस्ती जोडून ते वेगळे ठेवते. घाबरण्याचे कारण नसते, काहीही नष्ट झालेले नसते. आधी नव्या फोल्डरला निराळे नाव द्यावे, जुने परत टिक करून बोलवावे, आणि मग दोहोंतील फाइली स्वहस्ते एकत्र कराव्यात.

मोफत साठ्याच्या मर्यादाही ध्यानात असू द्याव्यात. ड्रॉपबॉक्स २ जीबी, वनड्राइव्ह ५ जीबी आणि गूगल १५ जीबी देते, आणि गूगलच्या त्या १५ जीबीत जीमेल व फोटोज ह्यांचाही वाटा असतो, तो भरला की नवे ईमेल येणे बंद पडते. संगणकावरचे फोल्डर वगळल्याने ही मर्यादा किंचितही सैल होत नाही, कारण वगळलेली वस्तू क्लाउडवर आपली जागा अडवून बसलेलीच असते. डिस्कची टंचाई आणि खात्याची टंचाई ह्या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

मोबाइलवर हा सारा प्रकार उलट्या बाजूने असतो: तेथे ह्या सेवांच्या अ‍ॅपमध्ये सहसा काहीच आपोआप उतरत नाही, आणि हवी ती फाइल एकेक करून ऑफलाइनसाठी राखून ठेवावी लागते. सर्व तयारी झाली असे वाटल्यावर, घरातून निघण्यापूर्वी, संगणकाचे वायफाय बंद करावे, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, आणि लागणारी प्रत्येक फाइल प्रत्यक्ष उघडून, तिचे शेवटचे पान येईपर्यंत पाहून घ्यावे. जी उघडणार नाही तिच्यासाठी वायफाय पुन्हा चालू करून ती उतरवून घ्यावी, आणि हीच परीक्षा एकदा परत करावी.