दुधातील रोगजंतू आणि ॲलिस इव्हान्स यांचे संशोधन

दूध हे बालकांचे पूर्णान्न होय, असे प्रत्येक शिक्षक आरोग्याच्या पाठात सांगत असतो. परंतु हेच दूध न तापविता घेतल्यास ते दीर्घकाळ छळणाऱ्या ज्वराचे वाहक ठरू शकते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना व दुग्धव्यावसायिकांना पटवून देण्यासाठी अमेरिकेतील एका संशोधिकेला अनेक वर्षे विरोध सोसावा लागला. ॲलिस कॅथरिन इव्हान्स हे त्यांचे नाव. ग्रामीण शिक्षकांना त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. कारण त्यांच्या कार्याचा आरंभ प्राथमिक शाळेतच झाला.

इव्हान्स यांचा जन्म १८८१ साली पेनसिल्व्हानिया राज्यातील नीथ या खेड्यात झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी चार वर्षे प्राथमिक शिक्षिकेचे काम केले. त्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा दोन वर्षांचा विनामूल्य वर्ग चालविला होता. त्या वर्गात त्यांना विज्ञानाची गोडी लागली. पुढे १९०९ मध्ये त्यांनी कॉर्नेलची पदवी व १९१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची उच्च पदवी संपादन केली. त्यानंतर सरकारी कृषी खात्याच्या दुग्धविभागात दूध व चीज यांतील सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळी दोन रोग सर्वस्वी भिन्न मानले जात. पहिला माल्टा ज्वर. हा ताप आठवडेच्या आठवडे चढत-उतरत राहतो. घाम येतो, सांधे दुखतात व रोगी खंगत जातो. त्याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर १८८७ च्या सुमारास शोधले. हे जंतू शेळ्यांच्या दुधातून माणसाकडे येतात, हे १९०५ नंतर उघड झाले. दुसरा रोग म्हणजे गाईंचा सांसर्गिक गर्भपात. त्याचे जंतू डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये दाखविले. ब्रूस यांनी आपल्या जंतूंना गोलाकार म्हटले, तर बँग यांनी आपल्या जंतूंना दंडाकार म्हटले. साहजिकच ग्रंथांतून त्यांची नोंद वेगवेगळ्या वर्गांत झाली आणि दोहोंची तुलना करावी, असे कोणाला सुचले नाही.

इव्हान्स यांनी ती तुलना केली. दोन्ही जंतू त्यांनी सारख्याच पोषकद्रव्यात वाढविले व रक्तद्रवाच्या कसोट्यांवर पारखले. त्यांच्यात भेद करणे जवळजवळ अशक्य आहे, असे त्यांना आढळून आले. शिवाय गाईंच्या रोगाचे जंतू वरकरणी निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही सापडत होते. तेव्हा गाईच्या कच्च्या दुधापासून माणसालाही हा ज्वर होत असला पाहिजे, असा इशारा त्यांनी १९१७ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत दिला व १९१८ मध्ये तो लेखरूपाने प्रसिद्ध केला.

त्यावर अविश्वासच प्रकट झाला. हे साम्य खरे असते, तर थोरामोठ्यांच्या नजरेतून ते कसे सुटले असते, असा आक्षेप निघाला. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखे मान्यवर शास्त्रज्ञही साशंक होते. इव्हान्स ह्या स्त्री होत्या व डॉक्टरेट ही पदवी त्यांच्याजवळ नव्हती, याचाही परिणाम झाला. दुसरीकडे, या ज्वराचे रोगी हिवताप किंवा विषमज्वर या नावाखाली नोंदले जात, त्यामुळे पुरावा झाकलेलाच राही. परंतु १९२० साली सॅन फ्रान्सिस्को येथील कार्ल मायर व त्यांच्या सहकाऱ्याने त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला आणि या जंतुवंशास ब्रूस यांच्यावरून ‘ब्रुसेला’ हे नाव सुचविले. त्यानंतर देशोदेशीचे पुरावे येत गेले. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना स्वतः इव्हान्स यांनाच हा रोग जडला व सुमारे वीस वर्षे त्याने त्यांना अधूनमधून ग्रासले. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही. १९२८ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष निवडले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढील काळात दुधाच्या पाश्चरीकरणाची सक्ती अमेरिकेत ठिकठिकाणी झाली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाश्चरीकरण म्हणजे दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे अथवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करणे. त्याने रोगजंतू मरतात. घरी दूध चांगले उकळल्यानेही हेच साधते. ब्रुसेलाचा रोग आपल्याकडील गुरांतही आढळतो. त्याविरुद्ध कालवडींना लस टोचली जाते. म्हणून धारोष्ण दूध अधिक पौष्टिक असते, ही समजूत शिक्षकांनी पालकांच्या मनातून समजुतीने दूर करावी. गाय गाभडल्यास मृत गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलू नये, मुलांना तेथे जाऊ देऊ नये व पशुवैद्यास कळवावे, हेही सांगावे.

निसर्ग-अभ्यासाच्या तासाला मुले दोन पाने किंवा दोन किडे शेजारी ठेवून पाहतात, तेव्हा ती हीच पद्धती शिकत असतात. पुस्तकात वेगळी नावे दिलेल्या दोन गोष्टी इव्हान्स यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातून असंख्य घरांतील दूध निर्धोक झाले. ही सवय मुलांना लावणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.