विरळणी

बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीला मी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दला जात असे. एकदा तिथे एक मावशी बाजरीची विरळणी करीत होत्या. चांगली तरारलेली रोपे उपटून बांधावर टाकलेली पाहून माझा हिशेबी जीव हळहळला. मावशी हसल्या. “सायेब, समदी ठेवली तर एकाचंबी कणीस भरायचं नाय.”

अशीच विरळणी प्राण्यांच्या शरीरातही होते, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या एकेका स्नायुतंतूवर अनेक चेतातंतूंनी ठाण मांडलेले असते. पुढच्या दोनेक आठवड्यांत त्यांच्यात चढाओढ होते आणि एकच टिकतो. बाकीचे माघार घेतात.

मात्र मावशींच्या शेतात आणि इथे एक फरक आहे. उपटलेले रोप सुकून जाते. हरलेली चेतापेशी मरत नाही. इथली जागा सोडली तरी इतर स्नायुतंतूंशी तिचे नाते असतेच. हार्वर्ड विद्यापीठातल्या टर्नी आणि लिक्टमन यांनी २०१२ मध्ये याहून नवलाची गोष्ट दाखवली. उंदराच्या पिल्लात जिंकत आलेला तंतू त्यांनी लेसरने दूर केला, तेव्हा माघारी निघालेला तंतू वळला आणि त्याने ती मोकळी जागा व्यापली.

हे वाचताना मावशींचा मुलगा आठवला. लहानपणी पोलिओ झालेला, गुडघ्यावर हात देत चालणारा, पण औत हाकायला सगळ्यांच्या पुढे. पोलिओत मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरतात आणि त्यांचे स्नायुतंतू पोरके होतात. मग शेजारच्या वाचलेल्या पेशी नवे फुटवे धाडून त्या पोरक्यांना पदरात घेतात. पाय बराचसा सावरतो. पण एकेका पेशीवर कितीतरी पटींनी भार पडतो आणि काहींचा सावरलेला पाय तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा थकू लागतो.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधीची कितीतरी मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. आपल्या घरातले असे कुणी “हल्ली जिना चढवत नाही” म्हणाले, तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. त्याच्या पायातल्या मोजक्या पेशी इतकी वर्षे शेजाऱ्यांचेही शेत कसत आल्या आहेत.