फंकसाठी गिटार घेताना

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली जनित्रे मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणून आपल्या घरात ५० हर्ट्झची वीज येते. एका वेटोळ्याचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप हीच लहर पकडतो आणि अँपमधून गुणगुण सुरू होते. पण सत्तरच्या दशकातल्या फंकचा तो मोकळा, टोकदार आवाज देण्यात या पिकअपचा हात कोण धरणार!

त्यासाठी महागडी गिटारच हवी असे नाही. खुद्द प्रिन्सची लाडकी गिटार होनरची होती, टेलिकास्टरची जपानी नक्कल. आपल्याकडे स्क्वायरची स्ट्रॅट किंवा यामाहाची पॅसिफिका ०१२ पुरते. पॅसिफिकात ब्रिजजवळ दोन वेटोळ्यांचा हंबकर असला तरी मधला आणि नेकचा पिकअप सिंगल कॉइलच आहे.

दुकानात गिटार अँपला जोडून गेन कमी ठेवा. पाच खटक्यांचा स्विच नेक आणि मधल्या पिकअपच्या जोडीवर आणा. गुणगुण एकदम विरली, तर मधले वेटोळे उलटे गुंडाळलेले आहे आणि चुंबकही उलटा बसवलेला आहे. फेंडरच्या १९५४च्या मूळ स्ट्रॅटला तीनच खटके होते. वादक स्विच अधेमध्ये अडकवून ही जोडी मिळवत. फेंडरने पाच खटके दिले ते १९७७मध्ये.

मग डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती टेकवून उजवा हात चालवा. जेम्स ब्राउनचा गिटारवादक जिमी नोलन याने गाजवलेली ‘चिकन स्क्रॅच’ ती हीच. ठोका कोरडा आणि स्पष्ट यायला हवा.

उरलेले पैसे पेडलांवर घालवू नका; स्वच्छ आवाजाचा छोटा अँप घ्या.