पिल्लू स्वतःचीच शी खातं तेव्हा



आजचा विषय ऐकून काही जणी नाकाला पदर लावतील. लावा, पण ऐका. ज्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि लाजेपायी कुणी कुणाला विचारत नाही.

भाद्रपद हा गावातल्या कुत्र्यांच्या माजाचा महिना. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडे कोठ्याच्या मागं, कुटाराच्या ढिगात, पडक्या भिंतीच्या आडोशाला पिल्लं वळवळताना दिसतात. त्याच दिवसांत वावरात तूर उभी असते, हरभरा वर येत असतो आणि रात्री रोही, रानडुकरं पिकात शिरतात. मग घरातलं कुणीतरी एक पिल्लू उचलून आणतं. मोठं झालं की जागलीला कामी येईल, हा हिशेब. लेकरांना तर खेळायला सोबतीच मिळतो. रिसोड असो, मंगरूळपीर असो की मानोरा, गावोगावी हेच चालतं.

आठ-दहा दिवस बरे जातात. मग एका सकाळी कुणाला तरी दिसतं, की पिल्लानं अंगणात शी केली आणि मागं वळून तीच खाल्ली. घरात ओरडा होतो. कुणी लाथ मारतं, कुणी त्याचं नाक त्या घाणीत घासतं. "हे पिल्लू घाणेरडं निघालं," असा निकाल लागतो. पुढं एखाद्या दिवशी ते पोत्यात घालून दूर सडकेवर सोडलं जातं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू सडकेवर किती दिवस जगतं, हे सांगायला नको. आणि ते घरातच राहिलं, तर त्याच तोंडानं ते लेकराचा गाल चाटतं. म्हणून हा प्रश्न पिल्लाच्या जिवाचा आहे आणि आपल्या लेकरांच्या तब्येतीचाही. दोन्हींवरचा मुख्य उपाय एकच आहे. तो सांगण्याआधी पिल्लू असं का करतं, ते पाहू.

कुत्री वितेपासून पहिले साधारण तीन आठवडे पिल्लांना आपोआप शी-शू होत नाही. आई त्यांचं बूड चाटते, तेव्हा ती होते, आणि आई ती लगेच खाऊन टाकते. त्यामुळं पिल्लांची जागा कोरडी राहते आणि वासावर दुसरं जनावर येत नाही. आपण अंगण झाडतो, तशी ती तिची झाडलोट. पिल्लं हे पाहत वाढतात. पिल्लाला सगळं जगच तोंडानं चाखून बघायचं असतं, त्यात शीसुद्धा आली. आपल्याला शिसारी येते, त्याला येत नाही. एवढं मनात पक्कं केलं की रागाला जागा उरत नाही.

या सवयीचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी हजारो कुत्री पाळणाऱ्यांना प्रश्न विचारले आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. शंभरातली सोळा कुत्री, म्हणजे सहातलं एक, वरचेवर शी खाणारं निघालं. म्हणजे तुमचं पिल्लू काही जगावेगळं नाही. अधाशासारखी खाणारी कुत्री हे जास्त करतात, असंही दिसलं. पण आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आतली, ताजी शीच खातात. जुनीला सहसा तोंड लावत नाहीत. हार्ट यांचा अंदाज असा, की ही लांडग्यांपासून आलेली सवय असावी. शीतली जंतांची अंडी बाधण्याइतकी तयार व्हायला काही दिवस लागतात. त्याआधीच ती शी नाहीशी केली, तर राहती जागा सुरक्षित राहते.

हा वेळेचा हिशेब आपल्यालाही लागू पडतो. पिल्लाच्या पोटात बहुधा आईकडूनच जंत आलेले असतात. त्यातल्या गोल जंतांची अंडी ताज्या शीतून लगेच बाधत नाहीत. मातीत दोनएक आठवडे राहिली की बाधतात आणि मग महिनोन् महिने तिथंच टिकून राहतात. माती खाणारं, मातीचे हात तोंडात घालणारं लेकरू ती गिळतं. त्यातून निघालेल्या अळ्या काळजात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोचतात. दुसरा आकडीचा जंत. ओल्या जमिनीत त्याच्या अळ्या आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पायावर नागमोडी लाल रेघ उठते, भारी खाज सुटते.

आता जोडून बघा. शी ताजी असते तेव्हा पिल्लाला तिचा मोह असतो. शी जुनी होते तेव्हा ती लेकराला बाधते. म्हणून मुख्य उपाय एकच: शी पडली की लगेच उचलायची. सकाळचा सडा टाकताना उचलू, असं नाही. तेवढ्यात पिल्लाचं खाऊनही झालेलं असतं.

तुम्ही म्हणाल, दिवसभर पिल्लाच्या मागं कोण फिरणार? फिरायची गरज नाही. पिल्लाच्या वेळा ठरलेल्या असतात. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवणानंतर पाव ते अर्ध्या तासात ते शी करतं. या वेळांना पट्टा-दोरी लावून त्याला अंगणाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. शी झाली, की आनंदानं त्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि शेंगदाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. तो खाता खाता त्याला चार पावलं दूर न्यायचं. तेवढ्यात दुसऱ्यानं शीवर राख टाकून ती फावड्यानं उचलायची. घरात एकट्याच असाल, तर पिल्लाला खुंट्याला बांधा आणि मग उचला. थोड्याच दिवसांत पिल्लाच्या मनात बसतं, की शी झाली की माणसाकडे पळायचं, तिथं काहीतरी मिळतं.

उचललेली शी उकिरड्यावर टाकू नका. तिथं कोंबड्या उकरतात, दुसरी कुत्री येतात आणि तेच खत पुढं भाजीच्या वाफ्यात जातं. विहिरीपासून आणि भाजीपाल्यापासून लांब हातभर खोल खड्डा करा आणि दर वेळी वर राख-माती टाका. तान्ह्या लेकराची शीसुद्धा उघड्यावर न टाकता संडासातच टाका, कारण पिल्लू तीही खातं.

दुसरी गोष्ट दोरीची. सोयाबीनची सोंगणी, तुरीची कापणी अशा दिवसांत घरची सगळी माणसं वावरात असतात आणि पिल्लू दिवसभर हातभर दोरीला बांधलेलं असतं. त्याचं जेवण तिथंच, शी तिथंच, आणि करायला दुसरं काही नाही. अशा पिल्लानं शी खाल्ली, तर दोष दोरीचा. दोरी लांब करा. सावलीत पाण्याचं भांडं ठेवा. चावायला जुन्या लुगड्याची घट्ट गाठ द्या, ती फाटायला लागली की बदला. वावरात नेता येत असेल, तर सोबत न्या. नाही तर दुपारी एकदा कुणीतरी येऊन त्याला मोकळं करावं, असं बघा.

तिसरी गोष्ट पोटाची. हार्ट यांच्या पाहणीत कुत्र्यांच्या रोजच्या खाण्यामुळं या सवयीत फरक दिसला नाही. पण आपल्याकडचं पिल्लू पुष्कळदा खरोखर अर्धपोटी असतं. एक वेळ शिळी भाकर आणि पाणी टाकलेलं दूध, यावर वाढतं अंग भागत नाही. भुकेलं पिल्लू मिळेल ते खातं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. भाकर किंवा पोळी कुस्करून त्यात बिनफोडणीचं तुरीचं वरण, उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याची शिजवलेली कोंबडी घाला. कोंबडीची हाडं काढून टाका, शिजलेलं हाड टोकदार फुटतं. दूध बेतानं द्या, जास्त झालं की पातळ शी होते. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, त्याचं रक्त कमी होतं. जंत पडावेत म्हणून लसूण चारतात, ते तर मुळीच करू नका. बकऱ्याची कच्ची आतडी-काळीजही नको. त्यातून वेगळेच जंत कुत्र्याच्या आणि मग माणसाच्या पोटात जातात.

चौथी गोष्ट जंताच्या औषधाची. अंगणवाडीत आणि शाळेत आपल्या लेकरांना वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. पिल्लाला ती त्याहून जास्त वेळा लागते. दोन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. औषधाचं माप वजनावर असतं. म्हणून घरात उरलेली लेकराची गोळी अर्धी तोडून देऊ नका, जनावरांच्या दवाखान्यात पिल्लाचं वजन करून घ्या. त्याच खेपेला लसीचंही विचारा. पार्वो हा पिल्लं मारणारा आजार दुसऱ्या कुत्र्याच्या शीतून येतो, त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. पिसाळण्याची लस तीन महिन्यांनी देतात.

आता काय करू नये, तेही ऐका. मारू नका, नाक घासू नका. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं, की शी दिसली की मार बसतो. मग ते कोपऱ्यात लपून करतं आणि कुणी बघायच्या आत खाऊन मोकळं होतं. आरडाओरडा करत धावत जाऊ नका. त्याला वाटतं खेळ चाललाय, नाहीतर तोंडातलं कुणी हिसकावतंय, म्हणून ते अजून घाईनं गिळतं. शीवर तिखट किंवा रॉकेल टाकू नका. तोंड आणि पोट भाजतं, सवय तशीच राहते. ही सवय सोडवणारी औषधं आणि भुकट्या बाजारात मिळतात. हार्ट यांनी अशा अकरा प्रकारांबद्दल विचारलं, तेव्हा गुण आला तो शंभरात शून्य ते दोघांना. तेवढ्या पैशात अंडी येतील.

"सोड" हा शब्द मात्र जरूर शिकवा. एका मुठीत तुकडा बंद करून पिल्लापुढं धरा. ते चाटेल, नाक खुपसेल. मुठीवरून नाक मागं घेतल्याबरोबर "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातानं तुकडा द्या. रोज पाच मिनिटं पुरे. पण एकट्या "सोड"वर भिस्त ठेवू नका, उचलणं चुकवायचं नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं? पिल्लू भरपूर खाऊनही हाडकुळंच राहतं, पोट मटक्यासारखं फुगतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, शी तेलकट आणि ढीगभर होते, किंवा मोठं झालेलं कुत्रं एकाएकी शी खायला लागतं, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. जंत किंवा अन्न न पचण्याचा आजार असू शकतो. उलट्या आणि रक्ताची शी सुरू झाली, पिल्लू मलूल पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तालुक्याच्या दवाखान्यात भागलं नाही, तर शेजारी अकोल्याला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय संस्था आहे.

लेकरांना दोन सवयी लावा: पिल्लाशी खेळून झालं की साबणानं हात धुवायचे आणि अंगणात चप्पल घालायची. पिल्लानं तोंड चाटलं, तर तोंडही साबणानं धुवायचं.

शेवटचं सांगते. हे उचलायचं काम सुनेच्या नाहीतर मोठ्या पोरीच्याच वाट्याला टाकू नका. पिल्लू ज्यानं हौसेनं आणलं, फावडं त्यानंही धरावं. गाडगेबाबांच्या या वऱ्हाडात झाडलोटीची लाज कुणाला वाटू नये. बरीच पिल्लं मोठी होता होता ही खोड आपोआप सोडतात. तोवरचे थोडे महिने वेळेवर उचला, पोटभर खाऊ घाला, जंताचं औषध चुकवू नका आणि हात उगारू नका. पुढच्या साली हरभऱ्यात रोही शिरली, की हेच पिल्लू तुमच्या आधी जागं होईल.