उंबऱ्यावरचा सांगावा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय पंचावन्न, शिक्षण चौथी. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर त्यांचा दिवस पहाटे गाईच्या धारांपासून सुरू होतो. दिवाळीला गेले तेव्हा सहज विचारलं, "अक्का, बीपीची गोळी घेता ना?"

"बंद केली गं! दवाखान्यात मोजलं तर १३०-८० निघालं. बरी झाले की मी. डोकं दुखंना, चक्कर येइना. उगा गोळ्या गिळून उष्णता कशाला वाढवायची?"

मी सोबत नेलेलं यंत्र त्यांच्या दंडाला बांधलं. आकडा आला १८२-१०८. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. पहाटे उठल्या आणि उजवी बाजू गेली. चार वर्षं अंथरुणात होत्या. त्यांचं सगळं अक्कांनीच केलं.

दुपारी आम्ही दवाखाना गाठला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण अक्कांना पटल्याशिवाय त्या टिकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. चौथी शिकलेल्या बाईला हे काय कळणार, असं मात्र मनात आलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या अक्षरओळख नसलेल्या बायकाच आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग अक्कांना का नाही कळणार?

रात्री भाकरी थापता थापता मी सुरुवात केली. "अक्का, पाटाला पाणी सुटलं की निरोप्या काय करतो?"

"बांधावरूनच हाळी देतो, 'तुमची पाळी आली!' मग घरातली उठून दारं धरायला जातात."

"हार्मोनही तेच करतं बघा."

मूत्रपिंडाला रक्ताचा दाब कमी वाटला, की ते रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन तयार होतं. आपल्या धमन्यांच्या भिंतीत बारीक स्नायूंचा थर असतो. हे हार्मोन त्या स्नायूंच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या उंबऱ्यावर एक कुलूप असतं, त्यात किल्लीसारखं बसतं, एवढंच. पण आत धावपळ उडते. एका रेणूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, साठवणीतलं कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो आणि नळी अरुंद होते. नळीची रुंदी निम्मी झाली, तर रक्ताला होणारा अडथळा सोळापट होतो! अडचणीच्या वेळी हा सांगावा जीव वाचवतो. पण तो सारखाच येत राहिला, तर दाब चढलेलाच राहतो. आणि दुखत काहीच नाही, हीच खरी मेख.

मैत्रिणींनो, यात आपल्या बायकांचा एक वेगळा अध्याय आहे. इस्ट्रोजेन हे आपलं हार्मोन धमनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतं. हा वायू शेजारच्या स्नायूला सैल सोडायला सांगतो. त्याच्या शोधासाठी १९९८ चं नोबेल मिळालं. मासिक पाळी गेली, की इस्ट्रोजेन घटतं आणि हा दिलासाही कमी होतो. वाढतं वय, वजन, मीठ यांची भर असतेच. म्हणून चाळिशीत ज्यांचं बीपी कधी वाढलं नाही, त्यांनीही पन्नाशीनंतर ते मोजत राहायला हवं.

"मग गोळी काय करती?" अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

टेल्मिसार्टनसारखी गोळी त्या कुलपात आधीच जाऊन बसते. सांगावा आला तरी आत पोचत नाही. अम्लोडिपिन कॅल्शियम आत येण्याची वाट अडवते. पण दोन्ही गोळ्यांचा अंमल साधारण दिवसभराचा. राखणदार उठून गेला, की दार पुन्हा उघडं. १३०-८० हा आकडा अक्का बऱ्या झाल्याचा नव्हता, राखणदार जागेवर असल्याचा होता. (गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना आधी सांगा.) आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी. खर्डा, पापड, लोणचं सगळं त्यातच धरायचं!

अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आत्याबाईंचं मी केलं. माझं कोण करणार?"

परवा फोन केला. आकडा १३४-८२. मागे कुणी शेजारीण बसली असावी. अक्का तिला दटावत होत्या, "बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नको बाई. बरं वाटतंय ते गोळीमुळंच!"