लेकरू डोळे उघडतंय का?

१९६५ साली नागपूर भागात डेंगी-चिकनगुनियाची साथ चालू होती. तापाने फणफणलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक अनोळखी विषाणू सापडला. त्याला नाव पडलं चांदीपुरा, नागपूरकडच्याच एका गावाचं. पुढे बरीच वर्षं तो फारसा चर्चेत नव्हता.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. त्यामागे हाच विषाणू होता. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ३४ दगावले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने पुन्हा डोकं वर काढलं.

सावनेर तालुक्यातलं खापरखेडा नागपूर विभागातलंच. वीज केंद्राची धुरांडी, आसपास कोळशाच्या खाणी, दिवसरात्र पाळ्यांचं काम. बाप रात्रपाळीला गेलेला असतो आणि लेकराच्या अंगात मध्यरात्री ताप भरतो. काय करायचं, ते घरात असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

चांदीपुराचा ताप सकाळी चढतो आणि संध्याकाळपर्यंत उलट्या, झटके, बेशुद्धी असा पुढे सरकू शकतो. काही मुलं २४ ते ४८ तासांत जातात. त्यावर लस नाही, विषाणू मारणारं खास औषधही नाही. झटके थांबवणं, श्वास चालू ठेवणं, मेंदूची सूज आणि रक्तातली साखर सांभाळणं हाच उपचार, आणि तो दवाखान्यातच होतो.

अर्थात, तापातला प्रत्येक झटका मेंदूज्वराचा नसतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये साध्या तापातही झटका येतो. तो बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत थांबतो. मूल थोडा वेळ पेंगतं, मग डोळे उघडतं, आईला ओळखतं, पाणी मागतं. मेंदूज्वरात ते नीट शुद्धीवर येत नाही, हाक मारली तरी नजर देत नाही. त्यामुळे थर्मामीटरच्या आकड्याइतकंच मुलाच्या वागण्याकडे लक्ष हवं.

झटका आला की घरात धावपळ होते. कुणी कांदा फोडून आणतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. यातलं काहीच करू नये. मुलाला सपाट जागी कुशीवर वळवावं, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येते. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ बघावं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला, पुन्हा आला किंवा मूल जागं होत नसेल, तर लगेच १०८ ला फोन करावा. राज्यात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत मिळते. झटका पहिलाच असेल, तर तो आपोआप थांबला तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

तापाच्या औषधातही एक फसगत होते. पॅरासिटामॉलच्या काही बाटल्यांत ५ मिलीलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, काहींत २५०. चमचा तोच, डोस दुप्पट. मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम असा साधारण हिशोब असतो. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचूनच डॉक्टरांनी सांगितलेलं माप द्यावं. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये आणि ताप असताना गोधडीत गुंडाळू नये.

चांदीपुरा पसरवते ती वालुमाशी, डासापेक्षाही बारीक. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातला ओलावा, शेणाचे ढीग ही तिची घरं. ती संध्याकाळनंतर चावते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. पावसाळ्याआधी भेगा लिंपणं, गोठा घरापासून दूर ठेवणं आणि फवारणीच्या पथकाला आतल्या खोलीपर्यंत जाऊ देणं, एवढं तर गावाला करता येतं.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर विचारतात: ताप कधी चढला, झटका किती मिनिटं टिकला, औषध किती आणि केव्हा दिलं, शेवटची लघवी कधी झाली? घाबरलेल्या घरच्यांना त्या वेळी हे आठवत नाही. म्हणून निघताना एखाद्या वहीच्या पानावर या चार गोष्टी लिहून ते पान सोबत घ्यावं.